हात वर आहे, पण आवाज येत नाही!



गोष्ट २०२१ च्या पावसाळ्यातली. आमच्या साताऱ्यातील वस्तीत एक मुलगी पीएच.डी. करते. वडील गवंडीकाम करतात, आई घरी शिलाई मशीन चालवते. दोन खोल्यांत सहा माणसे आणि त्या दोन्ही खोल्यांत मोबाईलला रेंज नाही. त्या दिवशी एक राज्यस्तरीय ऑनलाईन चर्चासत्र होते. ज्या अभ्यासकांचे लेखन वाचून या मुलीने दुष्काळी तालुक्यांतील पाणीवाटप हा विषय घेतला, तेच बोलणार होते. म्हणून ती वही, मोबाईल आणि चार्जर घेऊन आमच्याकडे आली. आमच्या सौभाग्यवतींनी तिला खिडकीजवळची खुर्ची दिली, खडखडणारा पंखा बंद केला आणि कुकरची शिट्टी मध्येच होऊ नये म्हणून भात उशिरा लावायचे ठरवले.

व्याख्यान उत्तम झाले, यात शंका नाही. त्यानंतर प्रश्नोत्तरे. मुलीने मोबाईलवरचे हाताचे चिन्ह दाबले. पाच मिनिटे गेली, दहा गेली.

"काका, हात केव्हाचा वर केलाय. कुणी बघतच नाही."

"थांब जरा, नंबर येईल," आम्ही म्हणालो.

नंबर आला नाही. आयोजकांनी सर्वांचे माईक बंद करून ठेवले होते आणि ते उघडण्याची किल्ली त्यांच्याच हाती होती. तिने प्रश्न लिहून पाठवला. पण लिहिण्याच्या त्या रकान्यात रत्नागिरीहून नमस्कार सर, परभणीहून नमस्कार सर, फीडबॅक फॉर्मची लिंक परत टाका, प्रमाणपत्र कधी मिळेल, असा पूर लोटला होता. तिचा प्रश्न डोळ्यांदेखत वर सरकत गेला आणि दिसेनासा झाला. मग आभारप्रदर्शन झाले. सर्वांनी कॅमेरे सुरू करा, सामूहिक छायाचित्र घ्यायचे आहे, अशी सूचना आली. मुलीने कॅमेरा सुरू केला, हसली, आणि पायात चपला घालून निघून गेली. काकीने आग्रह केला तरी भाताला थांबली नाही. संध्याकाळी तिच्या मोबाईलवर रंगीत प्रमाणपत्र आले. त्यावर लिहिले होते, 'सक्रिय सहभागाबद्दल'.

आम्ही बी.कॉम. झालेला कारकून माणूस. जमेला एक आणि खर्चाला दुसरेच दिसले की रात्री झोप येत नाही. हा 'सक्रिय सहभाग' कोणत्या खात्यावर जमा धरायचा, हा प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही एक दोनशे पानी वही आणली आणि तिच्यात रकाने आखले. कार्यालयात ऑनलाईन बैठक असली की यंत्रापाशी बसण्याचे काम बहुधा आमच्याकडेच येते. तेव्हापासून प्रत्येक बैठकीला किती माणसे जोडली, किती बोलली, शेवटी कोण बोलले आणि 'आवाज येतोय का' यात किती वेळ गेला, याची नोंद आम्ही ठेवू लागलो. शंभरावर माणसे जोडलेली आणि बोललेली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, असे चित्र वारंवार दिसले. यंत्रणा विकत घेताना मात्र सगळे एकच विचारतात, एका वेळी किती जण बसतात? जणू वडाप जीप घ्यायची आहे.

व्याख्यान ऐकायचे असेल तर हा प्रश्न ठीक आहे. संशोधनाचे तसे नसते. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरणाच्या जलाशयाशी ज्यांचा संबंध जोडला जातो, अशा जगातील भूकंपांमध्ये तो सर्वांत मोठा गणला जातो. त्यानंतरही त्या पट्ट्यात धक्के बसतच राहिले. म्हणून केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला भूभौतिकी संशोधनाची प्रयोगशाळा उभारली आणि पाटण तालुक्यात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. ते २०१७ साली पुरे झाले. वरचा काळा कातळ सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो आणि खाली ग्रॅनाईटच्या जातीचा जुना खडक लागतो. या कामात हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे, आणि जर्मनीतील पॉट्सडॅम येथून ज्याचा कारभार चालतो त्या आंतरराष्ट्रीय खोदकाम कार्यक्रमाशीही त्याचा संबंध आहे.

आता अशा कामासाठी कराड, हैदराबाद आणि पॉट्सडॅमची माणसे एकत्र बसायची म्हणजे काय होते, ते पाहा. आपल्याकडे दुपारचे दोन वाजलेले असतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा असतात. तिघांच्याही पुढे एकच आलेख हवा, नुसता चेहरा कामाचा नाही. आणि मुख्य म्हणजे, "थांबा, तो मघाचा आकडा पुन्हा दाखवा, आमच्याकडे वेगळा आहे," असे कराडच्या माणसाला मध्येच म्हणता आले पाहिजे. ज्याने खडकाचा नळकांडीसारखा नमुना हातात घेतला आहे, त्यालाच जर हात वर करून ताटकळत बसावे लागले तर चूक आलेखात तशीच राहील. संशोधनातले सहकार्य बरेचसे अशा मध्येच अडवण्यात असते. आमच्या वहीत पुढे आम्ही एक नवा रकाना वाढवला, 'मध्येच कोणी थांबवले का?'

ही अडचण मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही येऊन गेली आहे. मार्च १९९२ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या तंत्रज्ञांची बैठक होती. ती इंटरनेटवरूनच वीस ठिकाणी ऐकवण्यात आली. ऐकवण्यात आली, दाखवण्यात नव्हे! त्यांनी आधी आवाजाची वाट पक्की केली आणि चित्र मागाहून आणले. १९९७ पासून कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेने जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेशी निगडित शास्त्रज्ञांसाठी सभेच्या आभासी खोल्या तयार केल्या, कारण एका प्रयोगाची माणसे अनेक देशांत विखुरलेली होती. गुरुत्वीय लहरींच्या शोधाच्या निबंधावर तर हजाराहून अधिक नावे आहेत. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी तो शोध जाहीर झाला, तेव्हा पुण्याच्या आयुकातही त्याच वेळी कार्यक्रम झाला. हजार माणसांनी मिळून एक निबंध लिहायचा, म्हणजे किती वेळा कोणी कोणाला अडवले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आपल्या देशात या गोष्टीची सुरुवात आकाशातून झाली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. मुंबईच्या आयआयटीचे वर्ग त्याच्यावरून दूरच्या महाविद्यालयांत दिसू लागले. चित्र सुंदर येई, पण बोलायला गेले की अडखळ. याचे कारण साधे आहे. हा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर होता. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद. विचारणाऱ्याला वाटते ऐकू गेले नाही, म्हणून तो पुन्हा बोलतो आणि तेवढ्यात उत्तर येऊन धडकते. दूरध्वनीच्या जागतिक मानकांप्रमाणे आवाजाला एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, चारशेच्या पुढे गेला तर संभाषण मोडते. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) जमिनीखालच्या प्रकाशतंतूच्या तारेतून साताऱ्याहून दिल्लीला आवाज पोहोचायला खुद्द प्रवासाचा वेळ दहा मिलिसेकंदांच्या आसपास. तेव्हा संभाषणासाठी तारच बरी. मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ज्ञान जाळे या योजनेला ५,९९० कोटी रुपयांची मंजुरी दिली, ती विद्यापीठे आणि संशोधन संस्था अशा वेगवान तारेने जोडण्यासाठीच. एज्युसॅट त्याच वर्षी सेवेतून गेला.

आमच्या मते या सर्व प्रवासातला शिकण्यासारखा प्रयोग मुंबई आयआयटीने केला. २००९ पासून प्रा. दीपक फाटक आणि प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकीच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा सुरू झाल्या. एका वेळी हजार शिक्षक, पुढे दहा हजार शिक्षक, असा आकडा डोळ्यांपुढे ठेवलेला. केंद्र शासनाच्या शिक्षणविषयक माहिती तंत्रज्ञान अभियानाचे साहाय्य होते आणि अमृता विद्यापीठाने तयार केलेली ए-व्ह्यू ही देशी यंत्रणा वापरात होती. व्याख्यान मुंबईत होई आणि शिक्षक आपापल्या भागातील दूरस्थ केंद्रात बसत. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय हे अशा केंद्रांपैकी एक. २०१२ साली तर 'संशोधन पद्धतींची ओळख' हाच कार्यशाळेचा विषय होता.

आता यात शिकण्यासारखे काय? दहा हजार घरे जोडण्याऐवजी त्यांनी सभागृहे जोडली. प्रत्येक केंद्राचा एक समन्वयक आधी मुंबईत बोलावून तयार केला. सकाळी सर्वांनी मिळून व्याख्यान ऐकायचे आणि नंतर आपल्या केंद्रात त्या समन्वयकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करायचे. त्यामुळे सांगलीत बसलेल्या शिक्षकाची शंका आधी सांगलीतच कोणीतरी ऐकून घेई. जी तिथे सुटत नसे ती मुंबईकडे जाई. हजारो शंकांची चाळण अशी गावोगाव होई, म्हणून वरच्या माणसाचे कान भरून वाहात नसत. यंत्र कोणतेही असो, प्रत्येक केंद्रात एक जाणता माणूस हवाच, हे त्यांना कळले होते. २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आपण मधला माणूस काढून टाकून थेट पाचशे मोबाईल जोडले!

टाळेबंदीत या तंत्राने उपकारही केले, हे नाकारून चालणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली पीएच.डी.ची मौखिक परीक्षा व्हिडिओवरून घ्यायला मुभा दिली, त्यामुळे अनेक मुलांची रखडलेली पदवी हाती आली. त्याहूनही आधी, २००३ साली, महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदाराची व्हिडिओवरून घेतलेली साक्ष ग्राह्य धरली. म्हणजे पडद्यावरचा माणूस कायद्याने 'हजर' धरला जातो. पण त्या साक्षीदाराला प्रश्न विचारले जातात आणि त्याचे उत्तर शब्दशः लिहून घेतले जाते, हे लक्षात घ्यावे. नुसते नाव यादीत दिसले म्हणून त्याला कोणी हजर म्हटलेले नाही.

थोडे यंत्राच्या पोटात डोकावू. दहा ठिकाणच्या माणसांनी एकमेकांना थेट चित्र पाठवायचे ठरवले तर एकूण ९० चित्रे धावतात, शंभर ठिकाणांना ९,९००. म्हणून मध्ये एक यंत्र ठेवतात. जुन्या, महागड्या पद्धतीत हे मधले यंत्र सगळ्यांची चित्रे शिजवून एकच थाळी प्रत्येकाला पाठवते. त्याने कमजोर लाईनवाल्याचे भागते, पण यंत्राला ताकद फार लागते आणि दर वाढवावा तसा खर्च वाढतो. हल्लीच्या बहुतेक यंत्रणांत मधले यंत्र टपाल कचेरीसारखे काम करते, आलेले चित्र न उघडता ज्याला हवे त्याला पोहोचवते. चांगल्या यंत्रणेत प्रत्येक जण आपले एक ठळक आणि एक बारीक अशी दोन-तीन चित्रे पाठवतो, आणि ज्याची लाईन कमजोर त्याला बारीक चित्र मिळते. कमजोर लाईन झाली म्हणून त्याला बाहेर फेकले जात नाही. झूम, मीट यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्याशिवाय जित्सी आणि कॅनडातील कार्लटन विद्यापीठात जन्मलेले बिगब्लूबटन यांची आज्ञावली खुली आहे, संस्थेला स्वतःच्या सर्व्हरवर ती बसवता येते. केंद्र शासनाने २०२० साली देशी यंत्रणेसाठी स्पर्धा घेतली, ती केरळमधील एका छोट्या कंपनीच्या व्हीकन्सोलने जिंकली. तेव्हा निवडीला वाव नाही असे मुळीच नाही.

आमच्या घरांच्या दृष्टीने हिशेब मात्र वेगळा आहे, तो पालकांनी समजून घ्यावा. सेकंदाला एक मेगाबिट या दराने चित्र आणि आवाज घेतला तर तासाला ४५० एमबी डेटा जातो. रोजचे दीड जीबीचे पॅक साडेतीन तासांच्या आत संपते, आणि त्याच मोबाईलवर धाकट्याची शाळा असेल तर भांडण ठरलेले. नुसता आवाज सेकंदाला ८० किलोबिट धरला तर तासाला ३६ एमबी. म्हणजे खर्च बाराव्या हिश्शावर आला. त्यामुळे जो आयोजक 'कॅमेरा सुरू ठेवा, नाहीतर हजेरी लागणार नाही' असे सांगतो, तो गरिबाच्या खिशातून आपल्या छायाचित्राची सजावट करत असतो.

आम्ही नुसती टीका करून थांबलो नाही. २०२३ साली सांगलीतील एका कार्यकर्त्या मित्राबरोबर आम्ही एक खटाटोप केला. साताऱ्यात एक खोली, सांगलीत एक खोली, कराड आणि मिरज येथे प्रत्येकी एक संशोधक विद्यार्थी आपापल्या घरी. सगळे मिळून वीस-बावीस जण. तीन रविवार तीन वेगवेगळ्या यंत्रणा वापरून पाहिल्या. कोणती कशी निघाली ते नावानिशी सांगत नाही, कारण आमची रेंज, आमचे जुने संगणक आणि आमचे अज्ञान यांचाही दोष त्यात मिसळलेला होता. पण कसोट्या सांगतो, त्या कोणालाही करता येतील.

पहिली कसोटी गट नंबरांची. सांगलीच्या माणसाने कागदावरचे वीस आकडे वाचायचे आणि इतरांनी लिहून घ्यायचे. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी असे आकडे मुद्दाम घालायचे. व्याख्यान ऐकताना तुटलेला शब्द आपले मन भरून काढते, आकडा भरून काढता येत नाही. पहिल्या रविवारी आमच्या वह्यांत इतकी तफावत निघाली की तलाठ्याने पाहिले असते तर घेरी आली असती. शोध घेतला तेव्हा दोष यंत्रणेचा कमी आणि खोलीचा जास्त निघाला. स्पीकरचा आवाज फिरून माईकमध्ये शिरत होता, वर पंखा घरघरत होता. हजार-बाराशेचा साधा माईक जवळ धरून बोलायला लावले आणि बाकीचे माईक बंद केले, तेव्हा आकडे जुळले.

दुसरी कसोटी पोरखेळासारखी आहे. साताऱ्याने 'एक' म्हणायचे, सांगलीने 'दोन', पुन्हा साताऱ्याने 'तीन', असे वीसपर्यंत. आधी एकाच खोलीत दोघांनी म्हणून वेळ मोजायचा, मग दूरवरून. जेवढा वेळ जास्त लागला तेवढा उशीर. तिसरी कसोटी आमच्या लाडक्या रकान्याची. एकाने भरभर वाचत राहायचे आणि दुसऱ्याने 'थांबा' म्हणायचे. वाचणारा किती शब्दांनंतर थांबतो? एका यंत्रणेत तो थांबलाच नाही, कारण जो आधी बोलतो त्याचाच आवाज ती पुढे ढकलत होती आणि मध्ये येणाऱ्याचा दाबून टाकत होती. शांतता राखण्याच्या दृष्टीने हे उत्तम, संशोधनाच्या दृष्टीने निरुपयोगी. मग आम्ही मुद्दाम वीज घालवली, म्हणजे मेन स्विचच बंद केला. माणूस परत आत यायला किती वेळ लागतो, आणि त्याला पुन्हा दाराशी उभे राहून 'आत घ्या' अशी विनवणी करावी लागते का, हे पाहिले. इन्व्हर्टरवर संगणक होता, पण राऊटर त्यावर लावायचा राहून गेला होता. हे शहाणपण आम्हाला अंधारात आले.

एका गोष्टीवर आमच्यात वादही झाला. सांगलीच्या मित्राचे म्हणणे, सगळ्या बैठका रेकॉर्ड कराव्यात, ज्याची लाईन तुटली त्याला नंतर ऐकता येईल. ते खरेच आहे. पण आपली मुले ज्या विषयांवर संशोधन करतात त्यात गावातील बहिष्कार, अत्याचार, जमिनीचे तंटे असतात. एखादी बाई विश्वासाने बोलली आणि ते रेकॉर्डिंग कोणाच्या तरी मोबाईलमधून गावात परत गेले, तर तिने कुठे जायचे? शेवटी असे ठरले, की बोलणाऱ्याला आधी विचारायचे, तो नाही म्हणाला तर बटण बंद, आणि रेकॉर्डिंग कोणाकडे व किती दिवस राहणार हे इतिवृत्तात लिहायचे. एप्रिल २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने एका प्रसिद्ध यंत्रणेच्या सुरक्षिततेबद्दल इशारा दिला होता, तेव्हा सगळे साहेब लोक खडबडून जागे झाले होते. गावातल्या त्या बाईची सुरक्षितता त्याहून कमी मोलाची नाही.

बोलण्याचा क्रम कसा लावायचा, हा प्रश्न मात्र यंत्राने सुटला नाही. तो त्या मुलीने सोडवला. तिच्या अभ्यासात खानापूर तालुक्यातील येरळाकाठचे बळीराजा स्मृती धरण आहे. १९८० च्या दशकात शेतकऱ्यांनी चळवळ करून, नदीतील वाळूच्या विक्रीतून काही पैसा उभा करून ते उभारायला घेतले, आणि पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता कुटुंबावर ठरवला. ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही वाटा.

"काका, वेळही तसाच वाटू या," ती म्हणाली. "ज्याची लाईन चांगली त्याला जास्त, असं नको. प्रत्येक ठिकाणाला सारखा वेळ. आणि ज्याची रेंज सगळ्यांत वाईट, त्याच्यापासून सुरुवात."

आम्ही तसे केले. ज्याची रेंज केव्हाही जाईल, तो आधी बोलून मोकळा होतो. ज्याची चांगली आहे, तो कुठे जाणार! लिहिण्याच्या रकान्यावर एक मुलगा बसवला. त्याचे काम एवढेच की आलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून घ्यायचा आणि सभेत मोठ्याने वाचायचा. नमस्कार-चमत्कार वाचायचे नाहीत.

तिसऱ्या रविवारी विषय तिचाच होता. खानापूर तालुक्यातील एक वयस्कर शेतकरी बोलणार होते, पण त्यांच्याकडे मोबाईल साधा, बटणांचा. मित्राने सांगलीहून त्यांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तो फोन माईकजवळ धरून उभा राहिला. रेंज सर्वांत वाईट त्यांचीच, म्हणून पहिला नंबर त्यांचा. मुलीने दोन वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न विचारला, ज्यांना जमीनच नाही त्यांनी आपल्या वाट्याच्या पाण्याचे काय करायचे?

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. आम्हाला वाटले लाईन गेली. सवयीने आम्ही "आवाज येतोय का?" असे विचारलेही.

"येतोय की," ते म्हणाले. "पोरी, हे फोनवर सांगायचं काम नाय. तू हिकडं ये. कुणाकुणाला भेटायचं ती नावं सांगतो, लिहून घे."

मग त्यांनी एकेक नाव सांगायला सुरुवात केली. मध्ये तिने दोनदा "थांबा" म्हटले आणि ते दोन्ही वेळा थांबले. वहीच्या त्या रकान्यात आम्ही दोन रेघा मारल्या. पुढच्या शनिवारी सकाळी तिने विट्याची एस.टी. पकडली. डबा काकीने दिला.